माझी आई पाणी देते

"हिला नाही जमायचं. पाण्याला पानी म्हणणारी जीभ ती. 'ण' आला नाही जन्मात, हे कुठून येणार?"

मुकुंददादा मराठीत बोलले. हसत. माझ्याकडे न बघता, फळ्याकडे बघत.

फळ्यावर पिलारने एक अक्षर काढलं होतं. इंग्रजी एन आणि त्याच्या डोक्यावर छोटीशी लाट. स्पॅनिशमध्ये ते अक्षर न आणि य एकत्र केल्यासारखं म्हणतात. निन्या म्हणजे लहान मुलगी. मान्याना म्हणजे उद्या. प्रत्येकाने एकेक शब्द म्हणायचा होता. माझी पाळी आली आणि मी 'निन्या'च्या जागी 'निना' म्हणाले. एवढंच झालं होतं. माझ्याआधी एक-दोन जर्मन आजोबांनीही तेच केलं होतं. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

वर्गात मराठी कळणारी मी एकटी. म्हणजे ते वाक्य फक्त माझ्यासाठी होतं. बाकीच्यांना दिसलं ते एवढंच, की भारतातून आलेला एक सभ्य माणूस आपल्या देशातल्या बाईशी काहीतरी गमतीचं बोलला. तेही हसले. माझ्या अपमानावर बाराएक चांगली माणसं चांगल्या मनाने हसली.

पिलार आमची शिक्षिका. तिचे आईवडील मजुरीसाठी स्पेनहून जर्मनीत आले तेव्हा ती लहान होती. तिचा नियम होता, वर्गात फक्त स्पॅनिश. मोडकंतोडकं चालेल, पण स्पॅनिश. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "के दीसे?" काय म्हणतो तो?

मुकुंददादांनी नियम मोडून झटकन जर्मनमध्ये सांगितलं, "काही नाही. आम्हा देशवाल्यांतला एक छोटा विनोद."

पिलार अजून माझ्याकडेच बघत होती.

"हो," मीही जर्मनमध्येच म्हणाले. "विनोद."

वर्ग सुटला. बाहेर थंडी होती. मुकुंददादांनी गाडीचं दार उघडलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "चल, सोडतो तुला."

मी बसले. ते वाटेत हिवाळ्याच्या टायरांबद्दल बोलत होते. मी हो हो म्हणत होते. घरी उतरले तेव्हा मी त्यांना थँक यू म्हणाले.

ते थँक यू मला अजून विसरता आलेलं नाही.

मी अकोल्याची. रेल्वेच्या रुळांमागे आमची वस्ती. वडील रेल्वेत गँगमन. रुळांच्या खडीवर त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या घरात पानी होतं, लोनी होतं, कोन आलं होतं, कोन गेलं होतं. कुणालाच त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. चूक शाळेत गेल्यावर कळली.

चौथीत असताना वक्तृत्वस्पर्धा होती. भाषण मी लिहिलं. स्वतः. वडिलांकडे जुनी पुस्तकं होती, त्यातलं वाचून. बाईंनी ते वाचलं, त्यांना आवडलं. मग मला म्हणायला सांगितलं. मी म्हणाले. मधेच त्यांनी हात वर केला.

"पाणी म्हण."

"पानी."

"पा-णी."

"पानी."

वर्ग हसत होता. बाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला दिला. मला म्हणाल्या, "भाषण चांगलं आहे, पण तुझ्या तोंडी शोभत नाही. तू पडद्यामागे बस. ती अडखळली की सांग."

ती अडखळली. मी सांगितलं. तिला पहिला नंबर मिळाला. वडील टाळ्या वाजवायला आले होते, शेवटच्या रांगेत उभे होते. घरी जाताना त्यांनी विचारलं, "तुयं भाषन कवा होतं?"

पुढे मी मुंबईला केमिस्ट्री शिकायला गेले. होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी ण म्हणायचे. आणि. कोणी. लोणी. पाणी. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, सोडायची. नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं. सुट्टीत घरी गेले की आई माझ्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "आता तू त्या बाईवानी बोलतं."

तिला बरं वाटलं होतं की वाईट, ते मला आजही सांगता येणार नाही.

पीएचडीला हॅनोव्हरला आले. आणि अचानक सगळं संपलं. जर्मन माणसाला ण माहीत नाही. अकोला माहीत नाही. रूळ कुठले आणि रुळांमागे कोण राहतं, काही माहीत नाही. मी भारतीय. बस. हा देश काही फुलं घेऊन उभा नव्हता. घर बघायला जायचं, फोनवर रिकामं असलेलं घर माझं तोंड बघून भरलेलं असायचं. ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची. ते मला कळत होतं, लागत होतं. पण तो अपमान दारातच करायचा आणि मोकळं व्हायचं, असा होता. घरात घ्यायचं, चहा द्यायचा, ताई म्हणायचं आणि मग कप वेगळा ठेवायचा, ही कला त्यांच्याकडे नव्हती. ती आपल्याकडचीच.

लुडविग्सहाफेनला एका केमिकल कंपनीत नोकरी लागली. तिथे मुकुंददादा भेटले. माझ्याच विभागात, माझ्याहून सीनियर. पुण्याचे. आडनाव सांगत नाही. आडनावावरून माणूस ओळखायची सवय त्यांची, ती मला लावून घ्यायची नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी कॅन्टीनमध्ये विचारलं, "अकोल्यात नेमकं कुठे?" मी म्हणाले, स्टेशनजवळ. "मूळ गाव?" मी गावाचं नाव सांगितलं. "तिथे आमचे एक नातेवाईक आहेत. तुमचं कुलदैवत कोणतं?" मी म्हणाले, आम्ही फारसं काही मानत नाही. ते म्हणाले, "अरे वा, पुरोगामी." माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी कर. तसल्या आडनावाच्या आड माणूस काही वर्षं राहू शकतो.

मी राहिले.

आणि खोटं कशाला बोलू, त्या घराने मला जीव लावला. दादांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. वैशालीवहिनी. मला घर मिळालं ते वहिनींमुळे. त्यांनी घरमालकिणीला फोन करून माझी हमी दिली. मला ताप आला तेव्हा मऊ भात करून पाठवला. त्यांची मुलं जर्मनच बोलायची, पण मला 'आत्या' म्हणायची. गणपतीला मी पुरणपोळ्या करायचे. नैवेद्याच्या. वहिनी सगळ्यांना सांगायच्या, "हिच्या हातच्या पोळ्या म्हणजे लोणी." मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या लाटायचे आणि मनात यायचं, कळलं तर?

कळलं.

ज्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होता, त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली. बाल्कन्यांत झेंडे लागलेले. आईला वाटलं, पंधरा ऑगस्टसारखं काहीतरी असावं. तिने आल्या आल्या बॅग उघडली, लुगड्याच्या घडीतून फोटो काढला आणि माझ्या हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावला. निळ्या कोटातला फोटो. बुद्ध आधीपासून होता. तो जर्मनांच्या घरीही असतो, शोभेला, बाथरूममध्येसुद्धा. त्याच्यावरून कुणाला काही कळत नाही. फोटोवरून कळतं. आई येण्याआधी मी तो लावला नव्हता. का नव्हता, ते वर लिहिलंच आहे.

रविवारी दादा-वहिनी आईला भेटायला आले. हातात फुलं. वहिनी आईच्या पाया पडायला वाकल्या. वाकता वाकता त्यांची नजर भिंतीवर गेली. आणि त्या अर्ध्यावर थांबल्या. मग सरळ झाल्या आणि हात जोडले.

आईने ट्रे आणला. "पानी घ्या."

ग्लास दोघांसमोर ठेवले. दादा म्हणाले, "आत्ताच पिऊन निघालो." वहिनी म्हणाल्या, "चहा नको हं काकू, मला हल्ली ॲसिडिटी होते." बाहेर चौतीस-पस्तीस डिग्री ऊन होतं. दादांच्या शर्टाला घाम होता. ते अर्धा तास बसले. वर्ल्डकपवर बोलले, ऱ्हाईन नदीवर बोलले. आई वडिलांच्या गँगमनच्या नोकरीबद्दल बोलली. ग्लासांवर बाहेरून पाण्याचे थेंब धरले, ते ओघळले, टेबलावर दोन ओली वर्तुळं झाली. कुणी ग्लासला हात लावला नाही.

ते गेल्यावर आईने दोन्ही ग्लास उचलले आणि बाल्कनीतल्या कुंडीत पाणी ओतलं. तिने टेबल पुसलं. मीच म्हणाले, "त्यांना खरंच तहान नसेल."

"हो," आई म्हणाली. "नसन."

त्या वर्षी गणपतीला वहिनींचा फोन आला. आवाज तोच, गोड. "अगं, या वर्षी तू पोळ्यांचा त्रास नको घेऊस. इतकी दमतेस ऑफिसात. तू असं कर, कागदी प्लेट्स घेऊन ये."

मी कागदी प्लेट्स घेऊन गेले. हो, गेले. एकटं राहण्याची भीती काय असते, ते परदेशात एकटं राहिलेल्यालाच कळतं. मी प्लेट्स टेबलावर ठेवल्या आणि कोपऱ्यात उभी राहिले. सगळे माझ्याशी बोलले. पण आवाज जरा वरचा होता, आजाऱ्याशी बोलतात तसा.

स्पॅनिश त्यानंतर आलं. कंपनीचा स्पेनमध्ये नवीन प्लांट सुरू होत होता, आमच्या विभागातून एक माणूस तिथे जाणार होता. निवडीत दोन नावं होती. मुकुंददादा आणि मी. शेफने, म्हणजे आमच्या विभागाच्या साहेबांनी, आम्हा दोघांनाही संध्याकाळच्या वर्गाला घातलं. मला मनापासून आनंद झाला. स्पेन मिळेल म्हणून तर होताच. पण त्याहून जास्त वेगळ्याच कारणाने. मराठी मला चोरून शिकावी लागली, नळ सोडून. इंग्रजी घाबरत शिकले. जर्मन पोटासाठी. ही पहिली भाषा होती जी कोणत्याच ओझ्याशिवाय शिकायची होती. ओला. नमस्कार. मे यामो. माझं नाव. सोई दे ला इंदिआ. मी भारतातली आहे. पिलार म्हणाली, "मुई बिएन." छान. माझ्या उच्चाराला 'छान' म्हणणारी आयुष्यातली पहिली बाई.

आणि तिथे, त्या वर्गात, त्यांनी तो 'ण' आणून ठेवला.

त्या संध्याकाळनंतर मी आईला फोन केला. तेव्हा भारतात फोन करायचा तर टर्किश दुकानातून कार्ड घ्यायचं, नाण्याने खरवडायचं आणि लांबलचक नंबर दाबायचा. मला तिला काही सांगायचं नव्हतं. पण तिने विचारलं, "आवाज काऊन असा येते?" आणि मी सांगितलं. सगळं. निन्या, निना, विनोद, गाडी, थँक यू.

कार्डातली मिनिटं जात होती.

"मंग तू काय म्हनलं?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

"नाही."

मग ती म्हणाली, "तुले एवढ्या भाषा येतात ना व माय. एकीतबी तोंड नाई उघडलं?"

रागाने नाही म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. ती शाळेत गेली नव्हती, तिला वाटायचं की शिकलेल्या माणसाला ज्या गोष्टीसाठी शिकवतात ती हीच. बोलता येणं. मला चार भाषांत पगारवाढ मागता येत होती, चार भाषांत माफी मागता येत होती. आणि मी एका माणसाच्या गाडीत बसून त्याच्या टायरांबद्दल ऐकून घेतलं होतं.

मी फोन ठेवला. लाज वाटत होती, पण ही लाज वेगळी होती. आधीची सगळी लाज मी कोण आहे याची होती. ही मी काय केलं याची होती. या लाजेवर काहीतरी करता येत होतं.

मी जर्मन-स्पॅनिश डिक्शनरी काढली. पाणी मला येत होतं. ग्लास येत होतं. हात लावणं येत नव्हतं, ते शोधलं. तोकार. मला हसूच आलं. हा शब्द आम्ही वर्गात शिकलो होतो, पण दुसऱ्या अर्थाने. तोकार म्हणजे वाजवणं. 'मारिया तोका ला गितारा.' मारिया गिटार वाजवते. तोच शब्द स्पर्शासाठी.

पुढच्या आठवड्यात मी ट्रामने गेले. दादांचा मेसेज आला होता, गाडी आहे, ये. मी उत्तर दिलं नाही.

त्या दिवशीचा धडा, माझं कुटुंब. प्रत्येकाने उभं राहून आपल्या घरच्यांबद्दल सांगायचं. एका आजोबांनी आपल्या नातवंडांची नावं सांगितली. एका नर्सने आपल्या मांजराचं. मी उभी राहिले. माझे वडील रेल्वेत काम करतात, असं म्हणाले. करायचे असं म्हणायचं होतं, ते वारले होते. पण भूतकाळ अजून शिकवला नव्हता.

शेजारून आवाज आला. मराठीत. हळू, हसत. "गँगमन म्हण की. आणि कोट्याचंही सांग, त्यांना कळू दे इथपर्यंत कशी आलीस."

पिलारने विचारलं, "के दीसे?"

मुकुंदराव जर्मनमध्ये सुरू झालेच होते, "नुर आइन..." फक्त एक...

"मी सांगते," मी म्हणाले.

दादा म्हणणं माझ्या तोंडातून तिथे संपलं.

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. माझ्याकडे शब्द फारच थोडे होते. कोटा येत नव्हता. जात येत नव्हतं. हलका, वरचा, खालचा, विटाळ, काहीच येत नव्हतं. लहान येत होतं.

"एल दीसे: मि पाद्रे एस पेकेन्यो." तो म्हणतो, माझे वडील लहान आहेत.

त्या शब्दात ते लाटेचं अक्षर होतं. नीट आलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग मी थांबले नाही. "मि माद्रे दा आगुआ. सु मुखेर नो बेबे. एल नो बेबे. पोर के? पोर्के मि माद्रे तोका एल बासो."

माझी आई पाणी देते. त्याची बायको पीत नाही. तो पीत नाही. का? कारण माझी आई ग्लासला हात लावते.

दुसरा काळ येतच नव्हता मला. त्यामुळे हे सगळं आत्ता चालू असल्यासारखं वाक्य झालं. ते काही चूक नव्हतं.

एक आजोबा गोंधळले. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "आई ग्लास वाजवते?" कुणीतरी हसलं. पिलार हसली नाही. तिने आपला तळहात टेबलावर ठेवला, सपाट, आणि म्हणाली, "तोकार." मग हात उचलला.

मग कळलं त्यांना.

नर्सने जर्मनमध्ये मला विचारलं, "स्वच्छतेसाठी का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत मुकुंदरावांनी ते घेतलं. त्यांची जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. म्हणाले, हा फार जुना, गुंतागुंतीचा सांस्कृतिक विषय आहे, एका वाक्यात सांगता येणार नाही, परंपरा असतात, संवेदनशीलता असते, आमच्याकडे आता उलट भेदभाव होतो, या लोकांना सरकार सगळं देतं, आणि माझ्या या सहकारी बाई थोड्या हळव्या आहेत. वाक्यं लांब, नेटकी, क्रियापदं जिथल्या तिथे शेवटी. लोक माना डोलवू लागले. एक जण म्हणाला, "गेनाऊ." बरोबर. मी उभीच होते. मला दिसत होतं की मी हरतेय. पुन्हा पडद्यामागे जातेय.

पिलार म्हणाली, "एन एस्पान्योल."

मुकुंदराव थांबले.

"इथे स्पॅनिश बोलतात," ती स्पॅनिशमध्येच म्हणाली, हळू, आम्हाला समजेल असं. "सगळं स्पॅनिशमध्ये सांगा."

त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडेही तेवढेच शब्द होते जेवढे माझ्याकडे. घर, मांजर, भाऊ, बहीण, गिटार. त्या शब्दांत गुंतागुंत बसेना. परंपरा बसेना. ते म्हणाले, "एस... एस कुल्तुरा." ही संस्कृती आहे.

"बिएन," पिलार म्हणाली. "तुमची बायको पाणी पिते की पीत नाही?"

वर्गातला हीटर आवाज करत होता. मुकुंदरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पहिल्यांदा बघितलं, मी काही करू शकते असं.

"नो," ते म्हणाले.

मग जॅकेट घेतलं, बॅग घेतली. दारातून मला मराठीत म्हणाले, "परक्यांसमोर आपली लाज काढलीस."

"तुमची काढली," मी म्हणाले. "आपली नाही."

ते गेले. मी बसले. पिलार येऊन मिठी वगैरे मारेल असं वाटलं असेल कुणाला, तर तसं झालं नाही. तिने नर्सला उभं केलं आणि मांजराचा रंग विचारला.

बाहेर ट्रामच्या स्टॉपवर वर्गातल्या एक पेन्शनर आजी माझ्याजवळ आल्या. चाचरत म्हणाल्या, "विचारू की नको कळत नाही. तुमच्याशी हात मिळवला तर चालतो ना?" मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि हलवला, काही धाडस केल्यासारखा. चांगली बाई होती. माझा संताप झाला. मी एका माणसाच्या नजरेतून सुटून दुसऱ्याच्या कुतूहलात जाऊन पडले होते. हे असंच होणार होतं, हेही तेव्हा कळलं.

शेफने दोघांना बोलावलं. वेगवेगळं. मुकुंदराव आधी जाऊन आले होते. मी आत गेले तेव्हा शेफ पेन उघडझाप करत होते. "तर," ते म्हणाले, "हे तुमच्या देशातलं प्रकरण आहे. मला त्यातलं कळत नाही आणि मी त्यात पडणार नाही. पण प्रोजेक्टमध्ये वातावरण चांगलं हवं." मी विचारलं, वातावरण कुणी खराब केलं? ते म्हणाले, "दोघांनी मिळून सोडवा."

स्पेनला मुकुंदराव गेले. अनुभव जास्त, असं कारण दिलं. ते खरंही होतं. म्हणूनच त्याविरुद्ध काही बोलता आलं नाही.

कंपनीने वर्गातून माझं नाव काढलं. मी स्वतः परत घातलं. भूतकाळ शिकले, भविष्यकाळ शिकले. मुकुंदराव स्पेनला गेल्यावर त्यांची खुर्ची रिकामीच होती. त्या खुर्चीकडे बघून मला आनंद वाटायचा असं नाही. काहीच वाटायचं नाही.

आमच्या भागातल्या मराठी मंडळात वर्गातली गोष्ट पोचली आणि त्यांची निमंत्रणं थांबली. संक्रांतीचं आलं नाही, पाडव्याचं आलं नाही. मॅनहाइमच्या इंडियन दुकानात ओळखीची एक बाई भेटली, तिने डाळीचं पाकीट उचललं आणि दुसऱ्या रांगेत गेली. मी तिच्या मुलीला गणित शिकवलं होतं.

मग एका शनिवारी वैशालीवहिनींचा फोन आला. स्पेनहून.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे."

"मुलं तुझी आठवण काढतात." मग जरा थांबून, "हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते. इथे परक्या देशात आपली माणसं किती? उगाच तेढ कशाला? तू एकदा सगळ्यांना म्हण की गैरसमज झाला. भाषेचा गोंधळ झाला म्हण. नवीन भाषा, चुकीचा शब्द गेला तोंडून. कुणीही समजून घेईल. मी बोलते सगळ्यांशी. पुढच्या गणपतीला तू पोळ्या कर."

त्या खरंच माझ्या भल्याचं बोलत होत्या. तेच भयंकर होतं. माझ्या तापात भात पाठवणारी ही बाई, तिला मनापासून वाटत होतं की ती मला काहीतरी परत देतेय. आणि मला मोह झाला. हेही लिहिते. क्षणभर मला ते स्वयंपाकघर दिसलं, ती मुलं दिसली, आत्या म्हणणारी.

"वहिनी," मी म्हणाले, "शब्द चुकीचा नव्हता."

"अगं पण..."

"तुम्ही पाणी प्यायला नाहीत. ते मी सांगितलं. पोळ्या मी तुमच्याकडे करणार नाही."

त्या म्हणाल्या, "फार बदललीस तू," आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी एक ठरवलं, आणि आजपर्यंत ते मोडलेलं नाही. नवीन मराठी माणूस भेटला आणि त्याने नेमकं कुठे, मूळ गाव, कुलदैवत असं फिरायला सुरुवात केली, की मी त्याला फिरू देत नाही. मीच सांगते. रेल्वेलाइनमागची वस्ती, बाप गँगमन, आम्ही बौद्ध. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून. मग थांबते. काही जणांचे चेहरे बदलत नाहीत, त्यांच्याशी माझं पुढे जमतं. काहींचे बदलतात. त्यांना मी समजावत नाही, त्यांच्यासाठी गोड होत नाही, रडतही नाही. उठायचं असेल त्याने तेव्हाच उठावं. दार मी स्वतः उघडून देते.

आणि तो गेला की बंद करते.